चिपचा तिसरा पाय

संगणक आले तो रविवार होता. धानाची मळणी आटोपली होती, त्यामुळे गावात माणसं होती. टेम्पो विहाराच्या अंगणात शिरला आणि बघता बघता पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे भोवती जमले. दहा खोकी, दहा पडदे आणि एका पोत्यात भरलेल्या वायरी.

आमचं गाव सौंदड स्टेशनपासून सायकलवर वीस मिनिटांवर. विहाराला लागून एक लांबट खोली आहे, तिथे अभ्यासिका चालते. ती उभी केली गुरुजींनी. आमच्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर घरी बसणं त्यांना जमलं नाही. बाकं मिळवली, पंखे मिळवले, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मागून आणली. मग त्यांच्या डोक्यात संगणकांचं आलं. भरतीचे, शिष्यवृत्तीचे सगळे अर्ज तेव्हा ऑनलाइन व्हायला लागले होते आणि एका अर्जासाठी पोरींना अख्खा दिवस मोडून तालुक्याला जावं लागायचं. नागपुरात एका कंपनीचं ऑफिस बंद होत होतं. तिथे गुरुजींचा एक जुना विद्यार्थी कामाला होता. त्याच्याकरवी गुरुजींनी अर्ज दिला, चार वेळा नागपूरला जाऊन आले आणि रीतसर दानपत्र घेऊनच परतले.

जोडणीचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तिशीला टेकले होते. तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केलेली, गोंदियाच्या एका खासगी कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत कंत्राटी सहायक. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने यायचं. गावात संगणक उघडून पाहिलेली मी एकटीच होते.

मी पहिला संगणक बाकावर मांडला, वायरी लावल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर त्या कंपनीचं चिन्ह आलं. लोक पुढे सरकले. मग चिन्ह गेलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली, की सर्व्हर सापडत नाही. पुढे काहीच नाही. मी दुसरा लावला, तिसरा लावला. दहाच्या दहा तसेच.

पोलीस भरतीचा अभ्यास करणारी एक मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं विचारलं, "ताई, हे काय म्हणून राहिलं?"

मी म्हटलं, "आपल्या मालकाले शोधून राहिलं."

खरंही तेच होतं. संगणकाचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो मदरबोर्डावरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बाकी यंत्राला उठवतो, पडदा लावतो आणि पुढचं कुठून सुरू करायचं ते ठरवतो. या दहा यंत्रांत तो कारखान्यातच त्या कंपनीसाठी खास भरलेला होता. तो यंत्र फक्त कंपनीच्या सर्व्हरवरून सुरू करायचा. डिस्क लावली तर तिच्याकडे बघायचा नाही, सीडी घातली तर दखल घ्यायचा नाही. आतल्या सेटिंगला पासवर्ड होता आणि तो माहीत असलेला माणूस कंपनीसोबतच कुठेतरी निघून गेला होता.

मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. बोर्डावरचा सेल काढून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी परत बसवला. काही फरक नाही. यंत्र बनवणाऱ्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की मदरबोर्ड बदलावा लागेल. दहाही. मी फोन ठेवला.

गुरुजींनी घरून पांढऱ्या चादरी आणल्या आणि संगणकांवर पांघरल्या. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण गावाचं तोंड कोण धरणार? गुरुजीनं नागपूरचं भंगार उचलून आणलं, असं चावडीवर बोललं जाऊ लागलं. आमच्याकडची बोली तशी सरळ, तोंडावर बोलून मोकळी होणारी. गुरुजी मात्र त्या आठवड्यापासून चावडीवरून येणं टाळू लागले. तळ्याच्या बाजूनं वळसा घालून अभ्यासिकेत यायचे. ते बघून मला राहवलं नाही.

कॉलेजात दुपारच्या सुट्टीत मी इंटरनेटवर शोधत बसायचे. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला नंबर मी वहीत उतरवून घेतला होता. तो टाकून शोधलं तेव्हा चौथ्या की पाचव्या दिवशी एक पान सापडलं. जगभरातली काही माणसं मिळून एक खुलं फर्मवेअर लिहीत होती. कारखान्यानं भरलेला प्रोग्राम काढायचा आणि त्या जागी हा बसवायचा. तो कुणालाही घेता येतो, वाचता येतो, बदलता येतो. आमचाच बोर्ड दुसऱ्या नावानं बाहेरच्या देशांत विकला गेला होता आणि कुणीतरी त्यावर हे करून दाखवलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं. अर्धं कळलं नाही. पण हे होऊ शकतं, एवढं कळलं.

त्यांच्या ईमेलच्या यादीवर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकाचं उत्तर आलं. तो कोणत्या देशातला होता हे मला कधीच कळलं नाही. त्याचं पहिलंच वाक्य होतं, की आधी जुनं जे आहे त्याची प्रत काढून ठेव, त्याशिवाय कशालाही हात लावू नकोस.

संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून कसलासा जुना अहवाल वाचत होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि मला न सुचलेला प्रश्न विचारला.

"दुसऱ्यानं लिहिलेलं पुसायचं म्हणते. ही चोरी तर नाही ना, माय?"

मी म्हटलं, यंत्रं आपली आहेत, दानपत्र आपल्याकडे आहे. त्यात काय घालायचं ते आपण ठरवू शकतो. आणि जे घालायचं ते कुणाचं चोरलेलं नाही. लिहिणाऱ्यांनीच ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं आहे.

"वाचायले सगळ्यांना मोकळं?"

"हो. अक्षर न् अक्षर."

गुरुजींनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांच्या वडलांना शाळेच्या खिडकीबाहेर बसून अक्षर ओळखावं लागलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजी एवढंच म्हणाले, "मंग लाव."

आता अडचण हाताची होती. यंत्र सुरूच होत नव्हतं, त्यामुळे आतून काही करता येत नव्हतं. चिपमध्ये बाहेरून लिहावं लागणार होतं. चिप तांदळाच्या चार दाण्यांएवढी, तिला आठ पाय, आणि ती बोर्डाला सोल्डरने पक्की डागलेली. असं बारीक काम करणारा एकच माणूस मला माहीत होता.

गोंदियाला बाजाराच्या मागच्या गल्लीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदाराला अख्खी गल्ली उस्ताद म्हणायची. पदविकेच्या शेवटच्या वर्षी मी दोन महिने त्यांच्याकडे बसून डाग द्यायला शिकले होते. तेव्हा मुलगी दुकानात बसते म्हणून गल्लीतले काही लोक हसायचे, आणि उस्ताद त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. आता मी गेले तेव्हा दुकानात जुने मोठाले टीव्ही एकावर एक रचलेले होते. न्यायला कुणी येत नव्हतं. घरोघरी पातळ टीव्ही आले होते आणि ते बिघडले की लोक अख्खं पॅनेलच बदलत होते. उस्ताद सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर दुरुस्त करत बसले होते. साठी ओलांडली होती, डोळ्यांना जाड भिंग लागलं होतं.

मी बोर्ड त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि चिप दाखवली. त्यांनी भिंगाखाली धरून ती बराच वेळ पाहिली.

"इसमें लिखा क्या है, ये मैं नहीं जानता, बेटा," ते म्हणाले. "वो तू जान. पैर मुझे दे दे."

नागपूरहून मी चिप वाचायचं-लिहायचं एक छोटं यंत्र मागवलं होतं, आगपेटीएवढं. त्याच्या टोकाला आठ दातांचा चिमटा. चिमटा चिपवर बसवायचा, यंत्र माझ्या लॅपटॉपला जोडायचं. आधी जुन्या प्रोग्रामची प्रत काढायची होती. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, तर त्या एकमेकींशी जुळेनात. तिसरी काढली, तीही वेगळी. उस्ताद माझ्या वायरीकडे बघत होते. म्हणाले, तार लांब आहे, अँटेनासारखी इकडचं तिकडचं पकडते आहे. त्यांनी वायरी वीतभराच्या करून पुन्हा डागल्या. त्यानंतरच्या तीन प्रती अक्षरशः सारख्या निघाल्या. मी त्या लॅपटॉपवर ठेवल्या, पेन ड्राइव्हवर ठेवल्या आणि कॉलेजच्या संगणकावरही ठेवल्या.

मग लिहायला घेतलं. काही मिनिटांत लिहून झाल्याचं पडद्यावर आलं. पण पडताळणी केली तर चिपमध्ये जुनंच होतं, एक अक्षरही हललं नव्हतं. आणखी दोनदा केलं, तेच. चिप माझं सगळं ऐकून घ्यायची आणि काहीच मानायची नाही.

मी पुन्हा त्या अनोळखी माणसाला लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. चिपच्या डोक्यावर एक ठिपका असतो, तिथून मोजत तिसऱ्या पायावर ये. तो पाय जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, बांधलेला आहे का ते बघ.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी धावत दुकानात गेले. उस्तादांनी मीटरचं एक टोक बोर्डाच्या जमिनीला लावलं, दुसरं तिसऱ्या पायाला. मीटर बीप करून वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किसी ने जान-बूझ के बाँध रखा है."

तसंच होतं. तो पाय जमिनीला जोडलेला असेपर्यंत चिपचं कुलूप उघडत नव्हतं. कारखान्यानं आत कुलूप लावलं होतं आणि किल्ली फिरू नये म्हणून हा पाय बांधून ठेवला होता. तो सोडवून आठव्या पायाला, म्हणजे वीज येते त्या पायाला जोडला की कुलूप काढता येणार होतं.

उस्तादांनी सोल्डरिंग आयर्न तापवलं. त्यांच्याकडे टाचणीपेक्षा बारीक एक सुई होती. त्यांनी तिसऱ्या पायावरचा डाग वितळवला आणि त्याच क्षणी सुईनं तो पाय केसभर वर उचलला. शेजारच्या पायांना धक्काही लागला नाही. मग केसासारख्या तारेनं तो आठव्या पायाला जोडला. मी कुलूप काढण्याचा हुकूम दिला, मग लिहिलं, मग पडताळलं. या वेळी जुळलं.

आम्ही बोर्डाला पडदा, कीबोर्ड आणि वीज जोडली. मी बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. कंपनीचं चिन्ह नाही, ती इंग्रजी ओळ नाही, काहीच नाही. अर्धा तास आम्ही हे करून बघ, ते करून बघ केलं. माझी गाडीची वेळ झाली. मी बोर्ड तिथेच ठेवला आणि स्टेशनकडे निघाले.

गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय चाललंय ते मी पाहिलं नाही. निदान आधी ते यंत्र एक ओळ तरी दाखवत होतं. आता मी तेही घालवलं होतं. गावात पोचल्यावर घरी न जाता गुरुजींकडे गेले आणि एक संगणक मारला म्हणून सांगून टाकलं. सांगता सांगता माझे डोळे भरून आले.

गुरुजी म्हणाले, "काऊन रडून राहिली? शाळेत पहिलीच्या वर्गात पोरगं पहिल्या दिवशी पाटीवर काय काढते? नुसत्या रेघोट्या. नऊ पाट्या हायेत अजून."

दोन दिवसांनी कॉलेजात असताना माझा मोबाइल वाजला. उस्ताद सहसा फोन करत नसत. ते नमस्कार-चमत्काराला न थांबता म्हणाले, "तेरा मरीज़ ज़िंदा है."

मी सुट्टी होईपर्यंत कशीबशी थांबले आणि दुकानात पोचले. त्यांनी बोर्डाला वीज दिली आणि कीबोर्डवरचं आकड्यांचं, म्हणजे नम लॉकचं, बटण दाबलं. कीबोर्डवरचा छोटा हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं, तो विझला. पुन्हा दाबलं, लागला. हा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, संगणकानं सांगितल्याशिवाय तो लागत नाही. म्हणजे आत कुणीतरी जागं होतं आणि बटणं ऐकत होतं.

उस्ताद म्हणाले, चाळीस वर्षं टीव्हीचं काम केलं. आवाज आहे आणि चित्र नाही, असा सेट कधी मेलेला नसतो. त्यात फक्त चित्राचा भाग बसलेला असतो. तो शोध.

मी चिप आणि प्रोग्राममध्ये इतकी बुडाले होते की ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आणि खरंच, त्या पानावर खाली एका ओळीत लिहिलेलं होतं, जी मी कळली नाही म्हणून सोडून दिली होती. पडद्यावर चित्र आणण्यासाठी एक छोटा तुकडा लागतो. तो बोर्ड बनवणाऱ्यांचाच असतो आणि जुन्या फर्मवेअरमधून काढून नव्यात घालावा लागतो. जुन्याची प्रत माझ्याकडे तीन ठिकाणी होती.

तो तुकडा कसा काढायचा हे शिकायला मला आठ दिवस लागले. त्या अनोळखी माणसाला मी निदान सात पत्रं लिहिली असतील. काही प्रश्न फार बाळबोध होते. त्यानं एकदाही तसं जाणवू दिलं नाही. शेवटी शनिवारी दुपारी दुकानात बसून आम्ही पुन्हा लिहिलं, पडताळलं आणि बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी उमटल्या आणि शेवटी प्रश्न, की कशावरून सुरू करू? मी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी घातली. ती फिरायला लागली.

उस्ताद चष्मा पुसत म्हणाले, "आ गया." आणि शेजारच्या टपरीवरून दोन चहा सांगितले.

उरलेली नऊ यंत्रं गोंदियाला न्यायची की उस्तादांना गावी आणायचं, असा प्रश्न आला. उस्तादच म्हणाले, मी येतो. पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने ते सौंदडला उतरले. हातात भिंगाचा दिवा आणि पिशवीत सोल्डरिंग आयर्न. गोंदियात उभा जन्म काढलेला माणूस, पण सौंदडला कधी उतरले नव्हते. गुरुजी स्वतः मोटारसायकलवाल्याला घेऊन स्टेशनवर हजर होते. दोघं एकमेकांना "आप बैठिए", "तुम्ही बसा" करत दहा मिनिटं उभेच राहिले.

विहारातल्या दोन तसबिरींना हात जोडून उस्ताद अभ्यासिकेत आले. बाकावर बसायला तयार होईनात. टेबलावर माझा हात ठरत नाही, म्हणाले. मग जमिनीवर सतरंजी घातली आणि काम सुरू झालं. ते पाय उचलायचे, तार जोडायचे आणि बोर्ड माझ्याकडे सरकवायचे. मी प्रत काढायचे, कुलूप काढायचे, लिहायचे, पडताळायचे. एकेक करून पडदे उजळायला लागले. पोलीस भरतीवाली मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी पुस्तकं बाजूला ठेवून आमच्यासमोर बसल्या होत्या. मी त्यांना काय करते आहे ते सांगत होते, कारण बोलत राहिलं की माझी भीती कमी व्हायची.

दुपारी गुरुजींच्या घरी जेवण झालं. भात, लाखोळीची डाळ आणि बोडीतल्या, म्हणजे शेताकडच्या छोट्या तळ्यातल्या, बारीक मासोळ्यांचा रस्सा. उस्तादांनी दोनदा भात मागून घेतला. जेवणानंतर आम्ही पुन्हा बसलो.

सहाव्या बोर्डावर गडबड झाली. उस्तादांनी डाग वितळवला, सुई लावली आणि त्यांचा हात थरथरला. एवढासाच, पण पाय उचलताना खालची तांब्याची पट्टीही बोर्डापासून उखडली. त्यांनी भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

मी म्हटलं, एक गेला तर गेला, थोडा वेळ थांबू. त्यांनी मान हलवली. गेल्या वर्षभरापासून हात असा कधी कधी हलतो, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकानात एकटे असत, त्यामुळे कुणाला दिसलंही नव्हतं.

"अब तू कर," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. एवढा बारीक पाय मी जन्मात उचलला नव्हता. माझ्याकडून दोन-तीन बोर्ड तरी जातील, असं मी म्हणाले. उस्ताद उठून माझ्या मागे येऊन बसले आणि त्यांची जागा मला मोकळी करून दिली. आता मी उठले नसते तर फार वाईट दिसलं असतं.

मी सुई हातात घेतली. भिंगाखाली तो पाय मला केवढा तरी मोठा दिसत होता आणि सुईचं टोक त्याच्या शेजारी नुसतं हलत होतं. मी श्वास रोखला.

उस्ताद मागून हळू आवाजात म्हणाले, "साँस मत रोक, बेटा. साँस रोकने से ही हाथ काँपता है. लेती रह."

मी श्वास घेत राहिले. मनगट सतरंजीवर टेकवलं. डाग चकाकला आणि मी सुई वर केली. पाय उचलला गेला. पट्टी जागेवर होती. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली, डिसेंबर महिना असूनही. सातवा झाल्यावर आठवा सोपा गेला. नववा आणि दहावा करताना मी मुलींशी बोलूही शकले.

त्या संध्याकाळी नऊ संगणक चालू होते. सहाव्या बोर्डातली मेमरी आम्ही काढून एका मंद चालणाऱ्या यंत्रात घातली, त्यामुळे तोही अगदी वाया गेला असं नाही. चादरी गुरुजींनी स्वतः घडी करून घरी नेल्या. चावडीवरून सरळ चालत नेल्या, असं मला नंतर माझ्या आईनं सांगितलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. अभ्यासिकेत इंटरनेटसाठी एक डोंगल घेतलं, ते खिडकीच्या गजाला बांधलं की चालायचं. पहिला अर्ज त्या भरतीवाल्या मुलीनंच भरला. तिची तेव्हा निवड झाली नाही, पुढच्या वेळी झाली, आणि तिची पहिली नेमणूक देवरीला होती. मी त्या खुल्या फर्मवेअरवाल्यांना आमच्या बोर्डाची सगळी हकीकत लिहून पाठवली. तारा किती आखूड ठेवायच्या, पाय कसा उचलायचा, दिवा लागतो का ते कसं बघायचं. त्यांनी ती थोडी नीट करून आपल्या पानावर लावली. नंतर एकदा दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या शाळेतून मला पत्र आलं. त्यांच्याकडेही तेच बोर्ड होते आणि त्यांचाही पडदा काळा होता. मी त्यांना दिव्याचं सांगितलं. उत्तर लिहिताना मला उस्तादांचा आवाज येत होता.

उस्तादांकडे मी दर शनिवारी जायला लागले. लॅपटॉप आणि संगणकांच्या अशा अडलेल्या चिपांचं काम गोंदियात कुणी करत नव्हतं, ते सगळं नागपूरला जायचं. हळूहळू ते दुकानात यायला लागलं. दोष शोधायचं काम उस्ताद करायचे. त्यात त्यांचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. सुई माझ्याकडे असायची. दोन वर्षांनी कॉलेजचं कंत्राट संपलं तेव्हा मी नवं मागायला गेले नाही. दुकानातले जुने टीव्ही आम्ही भंगारात दिले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत माझं टेबल आलं. गल्लीतले जे लोक पूर्वी हसायचे, त्यांचेच लॅपटॉप मी पुढे उघडले.

गुरुजी त्या काळात सत्तरीचे झाले होते. इतकी खटपट करून आणलेल्या संगणकाला त्यांनी स्वतः हात लावला नव्हता. पोरींचा वेळ कशाला खाऊ, म्हणायचे. एका रविवारी मी गेले तर ते कोपऱ्यातल्या यंत्रासमोर बसलेले, एका बोटानं मराठी टाइप करत होते. ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा होता. अभ्यासिकेत बसायला जागा पुरत नव्हती, आजूबाजूच्या चार गावांतून मुली यायला लागल्या होत्या. आणखी एक खोली हवी होती.

मी मागे उभी राहून वाचलं. दुसऱ्या ओळीत एक शब्द चुकला होता. मी कीबोर्डकडे हात नेला.

"तू हात नको लावू," गुरुजी म्हणाले. "कुठं चुकलं ते सांग फक्त. दुरुस्त मी करतो."

मी शब्द दाखवला. त्यांनी बटण शोधलं, एकेक अक्षर मागे घेतलं आणि नव्यानं लिहिलं. अर्धं पान व्हायला त्यांना दुपार लागली. अर्ज मंजूर व्हायला पावणेदोन वर्षं गेली. खोली झाली, विहाराच्या उत्तरेला, दोन मोठ्या खिडक्यांची. तिच्यात आता पहाटे पाचपासून पोरी येऊन बसतात.